टिपाडातला पाऊस

आकाशातून पडणाऱ्या प्रत्येक थेंबाची नोंद शासनदरबारी होते.

हे वाक्य माझं आहे. बारामती तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या आवारात नवं पर्जन्यमापक यंत्र बसवलं, तेव्हा उद्घाटनाला आलेल्या मोठ्या साहेबांसाठी मी ते लिहून दिलं होतं. साहेबांनी ते दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा हात वर करून. टाळ्या पडल्या. पर्जन्यमापकाचं तोंड वाटीपेक्षा मोठं आणि ताटलीपेक्षा लहान असतं, आणि अशा एका तोंडाच्या वाट्याला कितीतरी गावं येतात. बाकीचे थेंब कुठे जातात, हे भाषणात नव्हतं.

माझी सगळी नोकरी पावसाचा हिशेब ठेवणाऱ्या एका सरकारी कचेरीत गेली. हुद्दा सांख्यिकी सहायक. लग्न ठरताना सासूबाईंनी विचारलं होतं, "पाऊस मोजता, ठीक आहे. पण पाऊस नसेल तेव्हा काय करता?"

"शून्य लिहितो," मी म्हटलं.

"शून्य लिहायचा पगार मिळतो?"

मिळतो. बारामती-इंदापूर भागाचं काम बघणाऱ्याला तर मुख्यतः त्याचाच मिळतो. यात गंमत वाटली तरी नियम शहाणपणाचा आहे. पाऊस पडला नाही तर रकान्यात शून्य दशांश शून्य लिहायचं, रकाना कोरा ठेवायचा नाही. शून्य म्हणजे कुणीतरी जाऊन पाहिलं आणि पाऊस नव्हता. कोरा म्हणजे कुणी पाहिलंच नाही.

नव्वदच्या दशकात वरून आदेश आले की अतिवृष्टीचे अंदाज सुधारायचे. कारण साधं होतं. मातीचं धरण असो की गावचा पाझर तलाव, त्याला बाजूने जास्तीचं पाणी काढून द्यायला सांडवा लागतो. सांडवा किती रुंद ठेवायचा, हे त्या भागात जास्तीत जास्त किती पाऊस पडू शकतो यावर ठरतं. सांडवा अपुरा पडला तर पाणी मातीच्या बांधावरून जातं, आणि एकदा बांधावरून पाणी गेलं की बांध राहत नाही. मग आम्ही काय करायचं, तर दरवर्षीचा सगळ्यात मोठा पाऊस घ्यायचा, असे अनेक वर्षांचे आकडे मांडायचे आणि त्यावरून पन्नास किंवा शंभर वर्षांतून एकदा येईल असा पाऊस काढायचा. नवे संगणक आले, त्यांच्यावर घालायला झाकणं आली, प्रशिक्षणं झाली. फक्त जुने आकडे तेच होते.

ते आकडे कसे असत याचं एक उदाहरण सांगते. इंदापूरकडच्या एका डाळिंबवाल्या बागायतदाराच्या मळ्यात आमचं यंत्र होतं. उत्तमराव त्यांचं नाव. आजूबाजूला सगळीकडे उन्हाळा आणि उत्तमरावांच्या मळ्यात एक दिवसाआड हलका पाऊस. मी पाहायला गेले, तर यंत्राशेजारी भाजीच्या वाफ्यात तुषार सिंचनाचं कारंजं गरगर फिरत होतं आणि दर फेरीला यंत्राला अंघोळ घालत होतं.

"उत्तमराव, हा पाऊस तुमच्या मोटारीचा आहे."

"आसंना का बाई," उत्तमराव म्हणाले. "आमच्या भागाचं नाव तेवढंच वर जातंय. तुमचं काय जातंय त्यात?"

चहा पाजल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. परत येताना वालचंदनगरच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत मी त्यांचे दोन वर्षांचे आकडे पेन्सिलने खोडले. आमचं अंदाज सुधारणं बहुतेक असं चाले.

या भागात खरा मोठा पाऊस आला तर तो परतीचा, दसऱ्याच्या मागेपुढे. दुपारी ढग उभा राहतो आणि एखाद्याच माळावर कोसळतो. दोन कोसांवर धूळ उडत असते. म्हणून मोठा पाऊस झाल्याचं कळलं की आम्ही जीप घेऊन निघत असू आणि उघड्यावर राहिलेली भांडी मोजत असू. हसू नका, जगभर हे असंच करतात. घंगाळ, बादली, पिंप, जनावरांची टाकी, काहीही चालतं. भांड्याच्या भिंती सरळ हव्यात, ते आभाळाखाली मोकळं हवं आणि पावसाआधी रिकामं हवं. मग आतलं पाणी पट्टीने मोजलं की झाला पाऊस. आमच्या उपअभियंता साहेबांनी प्रशिक्षणात फळ्यावर आदर्श भांड्याचं चित्र काढलं होतं. ते पत्र्याच्या उभ्या टिपाडाचं होतं. डांबराचं किंवा तेलाचं रिकामं पिंप, वरचं झाकण कापलेलं. खेड्यात घरोघरी असतं.

एका वर्षी दसऱ्याच्या आधी सुप्याहून कऱ्हाटीकडे जाताना आतल्या माळावर असाच ढग फुटला. तिथे दुष्काळी कामातून बांधलेला एक पाझर तलाव होता. त्याच्या बांधावरून पाणी गेलं, बांध फुटला, आणि खालच्या ओढ्याला लोंढा आला. ओढ्याच्या काठाला धनगरांची वस्ती आहे. एकाच भावकीची घरं. पूर्वी मेंढरं राखायची, आता थोडी शेती, थोडी शेरडं, कुणी ट्रॅक्टरवर, कुणी साखर कारखान्यात. तिथल्या बिरूतात्यांची मुलगी कमळ सणाला माहेरी आली होती. ओढ्याच्या कडेला बांधलेली शेरडं सोडवायला गेली. शेरडं घरी आली.

आमची जीप पोहोचली त्या दिवशी सकाळीच राख सावडून लोक परतले होते. साहेब वाईट माणूस नव्हते. ते जीपमधून उतरले, टोपी काढली. मग कामाला लागले, कारण पाणी आटत असतं आणि पट्टी थांबू शकत नाही. ओट्यावर पुरुष बसले होते. साहेबांनी विचारलं, "उघड्यावर काही भांडी होती का?"

"व्हती की."

"पाणी आहे त्यात?"

"न्हाय. मोकळी हाईत."

साहेब अंगणात फिरले. दसऱ्याची घरधुणी चालू असताना हे सगळं झालेलं, त्यामुळे वस्तीतलं प्रत्येक भांडं बाहेर होतं. हंडे, परात, घंगाळं, आणि तात्यांच्या अंगणाच्या बरोबर मध्ये, डोक्यावर पान नाही की पत्रा नाही, असं एक टिपाड. फळ्यावरच्या चित्रातून उचलून ठेवावं तसं. आणि सगळीच्या सगळी भांडी कोरडी. साहेब गोंधळले. "एवढं पाणी आलं म्हणतात आणि भांड्यात थेंब नाही? म्हणजे पाऊस इथे नसावा, वर कुठेतरी झाला असावा."

पाण्याचा हिशेब पुरुषांना विचारून उपयोग नसतो. मी चुलीकडच्या बाजूला गेले. तात्यांच्या कारभारीण ठकूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला विचारायची लाज वाटत होती. तरी विचारलं, की मावशी, टिपाडात पाणी नव्हतं का?

त्यांनी माझ्याकडे परक्या मुलखातल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

"ओतून दिलं की, बाई. मयताच्या घरात भरल्यालं पाणी ठिवत्यात व्हय?"

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या आजोळीही माणूस गेलं की घरातलं पाणी ओततात. पण ते मला जीपमध्ये आठवलं नव्हतं. ना साहेबांना, ना ज्यांनी भांडी मोजायचे नियम केले त्यांना. इथे तर सगळी वस्ती एकाच भावकीची. सगळ्यांना सुतक. दुसऱ्या दिवशी सकाळी कमळ खालच्या बाभळीत सापडली आणि दुपारपर्यंत वस्तीतलं एकूण एक भांडं पालथं झालं होतं. जो पाऊस मोजायला आम्ही आलो होतो, तो त्यानेच नेलेल्या मुलीच्या सुतकात ओतून गेला होता.

"टिपाड आदल्या दिवशी रिकामं होतं?"

"सकाळीच घासून उन्हात उबं केलं व्हतं. कमळीनंच घासलं." मग म्हणाल्या, "मला एकलीला कलंडलं न्हाय. जावंला हाक मारली."

"पाणी कुठवर होतं, सांगता येईल?"

त्या उठल्या. मी नको म्हणत होते तरी अंगणात आल्या, टिपाडापाशी बसल्या आणि तळापासून हाताची वीत लावली. वीत संपली तिथे दुसऱ्या हाताची चार बोटं आडवी ठेवली.

"हितवर."

"नक्की?"

त्यांच्या जाऊबाई मागून म्हणाल्या, "आवो, आमी दोघींनी वाकून बगितलं न्हवं का. तवा कुठं कलंडवलं."

मी माझी पट्टी काढली. ठकूबाईंनी तिच्यावर पंजा पसरला आणि मी त्यांची वीत मोजली. मग चार बोटं. त्या हाताला अजून राख होती. बेरीज एक फुटाच्या आसपास आली. या भागात सबंध वर्षात जेवढं पडतं, त्याच्या निम्म्याहून जास्त, एका दुपारी.

पुढच्या दोन दिवसांत आम्ही आसपासची गावं फिरलो. तिथे कुणी गेलं नव्हतं, म्हणून तिथली भांडी भरलेली होती. एका गुऱ्हाळावर रस आटवायची काहील उघड्यावर होती. काहील उथळ, पसरट, काठ उतरते. मोजायला अगदी अयोग्य. शिवाय तिच्यात एका गाढवाने तोंड घातलं होतं. गाढव किती प्यालं असेल यावर साहेबांनी आणि जीपचालकाने बरीच चर्चा करून एक अंदाज बांधला आणि तो पाण्यात मिळवला.

कचेरीत नकाशा तयार झाला. वस्तीकडे जावं तसा पाऊस वाढत जात होता आणि वस्तीवर एकदम संपत होता. मधोमध भोक पडलेल्या भाकरीसारखा दिसत होता तो पाऊस. मी ठकूबाईंचा आकडा तिथे लिहिला, वर कारणही लिहिलं. तज्ज्ञ समितीची बैठक झाली. समितीतल्या एका विद्वानांनी चष्मा काढून मला विचारलं, "म्हणजे शोकाकुल स्त्रीच्या हाताची वीत, हे मोजमाप?"

"हो. मी वीत पट्टीवर मोजली आहे."

"भावना आम्ही समजू शकतो," ते म्हणाले. सरकारी बैठकीत हे वाक्य आलं की विषय संपलेला असतो. नियम असा निघाला की पाणी प्रत्यक्ष दिसलं नसेल तर दोन स्वतंत्र साक्षीदार हवेत, एका कुटुंबातले नसलेले. मी म्हटलं, तिथे सगळी वस्तीच एक कुटुंब आहे. ते म्हणाले, तीच तर अडचण आहे. वस्तीचा रकाना कोरा राहिला. गाढवाचा अंदाज मान्य झाला.

तलावाची दुरुस्ती मंजूर झाली. मान्य झालेल्या पावसाला जुना सांडवा पुरत होता, म्हणून सांडवा जुन्याच रुंदीचा. ही बातमी वस्तीवर पोहोचली आणि एक दिवस बिरूतात्या कचेरीत आले. पुण्यात. एसटीच्या टपावर टिपाड टाकून.

शिपाई त्यांना दारात अडवून बसला होता. "आजोबा, हे आत नाही चालणार."

"का? मोकळंच हाय."

मी खाली गेले. पटका, खांद्यावर घोंगडी, आणि शेजारी ते टिपाड. तात्यांनी मला त्यावरची खूण दाखवली. ठकूबाईंनी बोटं ठेवली होती तिथे खिळ्याने रेघ ओढलेली. "पुसून जाईल म्हणून मारली. तुमच्या सायबास्नी दाखवा. कागुद खोटा आसंल, पत्रा न्हाय."

साहेबही खाली आले. त्यांनी रेघ पाहिली, बोट फिरवलं. मग तात्यांना बाकावर बसवून समजावलं, की असा पाऊस फार क्वचित होतो, आम्ही शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरून सांडवा ठरवतो, काळजी करू नका.

तात्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मंजी शंबर वरसातनं एकदा."

"हो."

"आन् ह्यो आमचा, त्येच्यात धरलाय?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "नाही. तो धरता आला नाही."

"मंग त्यो अजून यायचाच हाय म्हना की," तात्या म्हणाले. "सायेब, मला पैकं न्हाय पायजेत. पोरगी गेली, ती तुमी काय आणून देनार न्हाय. खाली आजून घरं हाईत. सांडवा तेवढा रुंद करा."

साहेबांनी वर पत्र लिहितो म्हणून सांगितलं, आणि लिहिलंही. त्याला जे उत्तर आलं त्यात नियमाचा क्रमांक होता. टिपाड दिवसभर कचेरीच्या पोर्चमध्येच उभं होतं. संध्याकाळच्या एसटीला तात्या ते उचलायला गेले, तेव्हा त्यात केळ्याच्या साली आणि चहाचे कप पडले होते. शिपायाची चूक नव्हती. सरकारी पोर्चमध्ये उभ्या असलेल्या पिंपाला लोक काय समजणार? तात्यांनी ते एकेक काढून बाहेर ठेवलं, घोंगडीच्या टोकाने टिपाड आतून पुसलं, आणि निघाले.

कोऱ्या रकान्याची एक बाजू मात्र कुणाला तरी बोचली असावी. त्या भागात यंत्र नाही हे मान्य झालं आणि वस्तीपासून जवळच्या ग्रामपंचायतीला नवं यंत्र मिळालं. आत घड्याळ, घड्याळावर फिरणारा कागद, कागदावर पावसाची रेघ आपोआप काढणारी शाई. फीत कापली, नारळ फुटला, भाषण झालं. प्रत्येक थेंबाची नोंद वगैरे. बिरूतात्या मागच्या रांगेत उकिडवे बसले होते. कार्यक्रम संपल्यावर माझ्याकडे आले.

"सायेब म्हनलं ते खरं हाय का, बाई? समद्या थेंबांची?"

"ते मी लिहून दिलं होतं, तात्या."

"आसं व्हय," तात्या म्हणाले. मग यंत्राकडे वळले. "वस्तीवरचं तेवढं मी बगतो मग. ह्याचं त्वांड लई बारीक हाय."

मला तो टोमणा वाटला. तो टोमणा नव्हता. त्यानंतर टिपाड अंगणाच्या मध्यात कायमचं उभं राहिलं. खाली दगड लावून ते पातळीत बसवलं. त्यातलं पाणी धुण्याला घ्यायचं नाही, जनावरांना पाजायचं नाही, कोंबडी बसली तर हाकलायची. पाऊस झाला की तात्या बोटं लावून बघत आणि मी दौऱ्यावर गेले की सांगत. "आवंदा पोळ्याला तीन बोटं. मागनं उगं तळ भिजला." मी ते आकडे घेत असे आणि दुरुस्तीची फाइल पुन्हा वर पाठवताना त्यांना जोडत असे. वरचे साहेब बदलत होते. दर वेळी नव्याने समजावून सांगावं लागे की टिपाड म्हणजे काय. ठकूबाई चहा करत आणि हसत. "म्हातारं येडं झालंया. धुनं ओढ्यावर न्यायला लावतंय आन् हितं टिपाड भरून ठिवतंय." पण त्याही त्याला हात लावत नसत.

तलावाचा बांध पुन्हा उभा राहिला, सांडवा तेवढाच. दर दसऱ्याच्या सुमाराला दुपारी ढग आला की मी पुण्यात खिडकीशी जात असे, जणू मला तिथून तो माळ दिसणार होता.

दशक संपत आलं होतं तेव्हा ठकूबाई गेल्या. उन्हाळ्यात, कसलासा ताप येऊन. मला कळलं ते सुप्याला दौऱ्यावर असताना. तशीच वस्तीवर गेले. नात्यातल्या बायका जमल्या होत्या, घरातलं पाणी ओतून झालं होतं, हंडे दारात पालथे पडले होते. ओट्यावर तात्या एकटेच. मी शेजारी बसले. ठकूबाईंच्या जाऊबाई दारातून म्हणाल्या, "समदं ओतलं, बाई. त्या टिपाडाला तेवढा हात लावू दिला न्हाय. उबं ऱ्हाऊन आडवलं. भावकी नावं ठिवाय लागलीया."

"ठिवू द्या नावं," तात्या म्हणाले. "मागल्या बारीला ओतलं, तवा आपली पोरगी मोजण्यात आली न्हाय. आता बाई आल्याती. त्या बगतील, मग ओता." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बगा, बाई. म्या वाकून न्हाय बगितलं. तुमच्या हातानं बगा."

सगळे उठून उभे राहिले. बायका पदर सावरून बाजूला झाल्या, कुणीतरी एका पोराला ओढून मागे घेतलं. मी पिशवीतून पट्टी काढली, अंगणाच्या मध्यात गेले आणि खिळ्याच्या रेघेपाशी गुडघे टेकून पट्टी टिपाडात उभी सोडली. ती तळाच्या पत्र्यावर वाजली. आत बाभळीची वाळकी पानं होती. त्या भागात गेले कित्येक महिने पाऊस नव्हता.

मी वही काढली आणि लिहिलं : ०.०